गावच्या घरावर ३ किलोवॅट सोलर लोन काढून बसवावं का? (वीजबिल अजून आजोबांच्या नावावर)

कृष्णाकाठचा_पोऱ्या :

नमस्कार मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. गाव कराडजवळ, घर स्लॅबचं, तिथं आई-वडील आणि धाकटा भाऊ-वहिनी असतात, मी पुण्यात नोकरीला. वीजबिल महावितरणचं, थंडीत दीडशे-पावणेदोनशे युनिट आणि उन्हाळ्यात तीनशेला टेकतं, सरासरी काढली तर दोनशे-सव्वादोनशे. गेल्या आठवड्यात सोलरवाला एजंट घरी येऊन गेला, म्हणाला ३ किलोवॅट बसवा, २ लाख १० हजार खर्च, ७८ हजार सबसिडी सरकार देतंय, बाकीचं लोन करून देतो, बिल झिरो. वडील म्हणतात कर्ज कशाला, एफडी मोडू आणि रोख देऊन मोकळे होऊ. मला दोन्ही पटेना.

अडचण अशी की मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, ते जाऊन बरीच वर्षं झाली, कुणी बदललंच नाही कारण बिल भरलं की लाईट चालू असते. घराच्या नमुना आठवर (ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर) वडील आणि दोन चुलते अशी तिघांची नावं आहेत. एजंट म्हणतो "ते आपण मॅनेज करू". मॅनेज म्हणजे काय करणार हे काय सांगत नाही.

ज्यांनी बसवलंय त्यांनी सांगा की ३ किलोवॅट लागतं का, लोन घ्यावं का, आणि आधी नाव बदलायचं का नंतर केलं तरी चालतं. शेतात ५ एचपीची मोटर पण आहे, तिचं सोलर वेगळं असतं का तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.


बँकेतला_काका :

मी सरकारी बँकेत कर्ज विभागात आहे, हीच लोन रोज बघतो म्हणून लिहितो. सगळ्यात पहिलं, नाव. मीटर ज्याच्या नावावर त्यानेच पीएम सूर्यघर या घरगुती सोलर योजनेच्या पोर्टलवर अर्ज करायचा, सबसिडी त्याच्याच खात्यात येणार आणि लोनपण त्यालाच मिळणार. मयत माणसाच्या नावाने यातलं काहीच होत नाही. "मॅनेज करू" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, सिस्टीम बसते, पैसे जातात आणि मग सबसिडी अडकते, अशा केसेस घेऊन लोक आमच्या टेबलावर येतात आणि आम्ही पण काही करू शकत नाही. मृत्यूचा दाखला, नमुना ८, आणि चुलत्यांचं संमतीपत्र स्टॅम्पपेपरवर करून घ्या, महावितरणच्या ॲपवरून किंवा सबडिव्हिजनला जाऊन नावबदलाचा अर्ज टाका. संमती घेताना नुसतं मीटरच्या नावाला हरकत नाही एवढंच लिहून घ्या, घराच्या हिश्श्याबद्दल त्यात एक शब्द घालू नका, नाहीतर चुलते बिचकतात आणि सहा महिने सही होत नाही. हे पैशाचं काम नाही, चहाला बोलावून करायचं काम आहे.

आता लोन. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत २ लाखापर्यंत कर्ज तारण न देता मिळतं, व्याज रेपो रेटच्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्या) वर अर्धा टक्का, म्हणजे सध्या पावणेसहा-सहाच्या आसपास, मुदत १० वर्षांपर्यंत. १० टक्के पैसे तुमचे घालावे लागतात. अर्ज जनसमर्थ या सरकारी कर्जयोजनांच्या पोर्टलवरून करायचा. सिबिल, म्हणजे जुन्या कर्जफेडीचा रेकॉर्ड, मात्र बघितलं जातं, वडिलांच्या नावावर जुनं पीककर्ज थकीत असेल तर आधी ते बघा, गावाकडं बरेचजण तिथंच अडकतात, सोसायटीचं कर्ज माफीत गेलं असं समजून बसलेले असतात आणि रेकॉर्डला ते तसंच थकीत दिसत असतं.

आणि एफडी मोडायचं म्हणताय तर वडील ज्येष्ठ नागरिक असतील, त्यांना एफडीवर साडेसहा-सातच्या आसपास मिळत असेल. सहा टक्क्याचं कर्ज टाळायला सात टक्क्याची एफडी मोडायची हा हिशोब मला तरी समजत नाही. वडिलांना कर्ज या शब्दाचीच भीती असेल तर ५ वर्षांत फेडा, मुदतीआधी भरायला कुणी अडवत नाही.


फिटर_सांगलीवाला :

काकांनी बरोबर सांगितलंय, मी किलोवॅटचं सांगतो. मी स्वतः बसवायचं काम करतो त्यामुळे ३ विका असं मलापण वाटायला पाहिजे, पण खरं सांगतो तुम्हाला २ किलोवॅटच बास आहे.

१ किलोवॅट आपल्याकडं दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, पावसात निम्मं पण होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये जास्त, वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला ११०-१२०. २ किलोवॅट म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे युनिट, तुमचा वापर तेवढाच आहे. सबसिडी कशी आहे बघा, पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला फक्त १८ हजार, तिथं मर्यादा संपली, ७८ हजाराच्या वर एक रुपया नाही, मग तुम्ही ५ किलोवॅट बसवा नाहीतर १० बसवा. म्हणजे तिसरा किलोवॅट तुम्हाला पन्नास हजाराला पडला तर बत्तीस हजार खिशातनं जाणार आणि त्यातून आलेली वीज तुम्ही वापरणारच नाही. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला, जाईल. ग्रिडला गेलेले युनिट पुढच्या महिन्याला जमा धरतात, ते चांगलं आहे, एप्रिल-मेमधलं जास्तीचं जुलै-ऑगस्टला कामाला येतं, पण ३१ मार्चला हिशोब मिटवतात तेव्हा उरलेल्या युनिटला तीन रुपयांच्या आतच दर मिळतो. घरात एसी येणार असेल, वहिनी इंडक्शनवर स्वयंपाक करणार असेल, नाहीतर भाऊ इलेक्ट्रिक स्कूटर घेणार असेल तर मात्र तीन घ्या.

बिल झिरो हे पण खरं नाही. स्थिर आकार भरावाच लागतो, सिंगल फेजला सव्वाशे-दीडशे, थ्री फेजला जास्त. हे आधी सांगितलं नाही की पहिलं बिल आल्यावर लोक आम्हालाच शिव्या देतात.

आणि लाईट गेली की ऑनग्रिड सोलर पण बंद होतं, भर दुपारी उन्हात बंद होतं. लाईनवर वायरमन चढलेला असतो, तुमची वीज उलटी लाईनला गेली तर त्याला शॉक बसेल म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. बॅकअप पाहिजे असेल तर बॅटरीवाला हायब्रीड घ्यावा लागतो, खर्च बराच वाढतो.

पॅनल डीसीआरचं पाहिजे म्हणजे सेलसकट भारतात बनलेलं, त्यालाच सबसिडी आहे. बाहेरचं स्वस्त पडतं म्हणून काहीजण बिलावर एक आणि छतावर दुसरं असं करतात. पॅनलच्या मागं सिरियल नंबर असतो तो बसवायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि बिलाशी जुळवा. अर्थिंगचे तीन खड्डे वेगवेगळे घ्या, आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या रॉडचं, घराकडच्या एसी करंटचं आणि पॅनलकडच्या डीसी करंटचं, एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी टाकून मोकळे होणारे खूप आहेत. स्ट्रक्चर गॅल्वनाइज्ड घ्या, पाय काँक्रीटच्या ठोकळ्यात घ्या, स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका, नाहीतर दोन पावसाळ्यांनी गळायला लागेल आणि वडील सोलरला दोष देतील. नेट मीटर (लाईनवरून घेतलेली आणि लाईनला दिलेली वीज दोन्ही मोजणारं) महावितरण फुकट देतं, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.


कृष्णाकाठचा_पोऱ्या :

बापरे, एवढं एजंटने काहीच सांगितलं नव्हतं. फिटरदादा एक विचारतो, आमच्या गावापासून साखर कारखाना फार लांब नाही, हंगामात चिमणीची काळी राख गच्चीवर पडते, वाळवण घालायची सोय नसते. त्याचा त्रास होईल का?


फिटर_सांगलीवाला :

होईल की. आमच्या पट्ट्यात सगळीकडं तेच आहे. नोव्हेंबर ते मार्च आठवड्यातनं एकदा तरी धुवायचं, सकाळी लवकर, पॅनल थंड असताना, मऊ मॉप आणि साधं पाणी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर ते वाळून पांढरा थर धरतो, राखेपेक्षा तो वाईट, मग नदीचं किंवा टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. गच्चीवर एक नळ घेऊन ठेवा आणि पॅनल एवढं उंच करू नका की धुवायला शिडी लावावी लागेल. खाली मांडव होतो म्हणून आठ फूट उंच करून घेतात लोक, मग वर्षभर कुणी चढत नाही.


निशा_नागपूर :

आमच्याकडे नागपुरात तर गल्लीगल्लीत पॅनल दिसतात, राज्यात आमचाच जिल्हा पुढे आहे यात. आमच्या घरी ३ किलोवॅट आहे पण आमचा उन्हाळ्यात दोन कूलर आणि एक एसी असतो त्यामुळे पुरतं, तुमच्याकडे तसं नसेल तर फिटरभाऊ म्हणतात ते ऐका.

मला लोनबद्दल सांगायचं होतं. आम्हाला एका फायनान्सवाल्याने पाच मिनिटांत लोन देतो, कागद काही नको, फक्त ९ टक्के असं सांगितलं होतं. माझ्या भावाने बसून हिशोब केला तर ते फ्लॅट ९ होतं, म्हणजे पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर पाच वर्षं तेच व्याज. लाखाला महिन्याचा हप्ता २४१७ येत होता आणि बँकेच्या भाषेत तो दर साडेपंधराच्या वर जातो. सरकारी बँकेत सहा टक्क्याने पाच वर्षाला लाखाला १९३३ च्या आसपास पडतो. बँकेत तीन चकरा जास्त मारा पण तिथूनच घ्या. मॅनेजरला या योजनेचं नीट माहीत नसतं कधीकधी, शांतपणे जनसमर्थचा अर्ज क्रमांक समोर ठेवायचा.

अजून एक, सबसिडी सिस्टीम चालू होऊन मीटर लागल्यावरच येते, आधी नाही. गरिबाला अडचण तिथंच आहे, साठ हजार नंतर मिळणार हे ठीक पण आधी दीड लाख आणायचे कुठून. लोन घेतलं तर बँक सरळ व्हेंडरला पैसे देते आणि सबसिडी लोन खात्यात घेते, ते त्यातल्या त्यात बरं.


एफडीवाला_अण्णा :

माझं मत वेगळं आहे. दोनशे युनिटसाठी एवढा खटाटोप कशाला? बिल महिन्याला अठराशे-दोन हजार येत असेल, चुलत्यांच्या सह्या घ्या, बँकेत फिरा, गच्ची अडवा, पंचवीस वर्षं चालेल म्हणतात पण इन्व्हर्टर दहा वर्षांत जातो तो खर्च कुणी धरत नाही. आणि सरकार उद्या नेट मीटरिंगचे नियम बदलणार नाही कशावरून?


बँकेतला_काका :

अण्णा, इन्व्हर्टरचा मुद्दा बरोबर आहे, त्याचे पंचवीस-तीस हजार धरायलाच हवेत. पण हिशोब मांडून बघू. २ किलोवॅट समजा १ लाख ४० ला पडलं. आता जीएसटी पण कमी झालाय, पॅनल-इन्व्हर्टरवर सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा ५ टक्के झाला, त्यामुळे जुनं कोटेशन कुणी दाखवत असेल तर नवीन मागा. तुमचे १४ हजार, कर्ज १ लाख २६, त्यात सबसिडीचे ६० आले की राहिले ६६ हजार. पाच वर्षांत फेडलं तर हप्ता पावणेतेराशे, दहा वर्षांत फेडलं तर साडेसातशेच्या आत. आज तुम्ही अठराशे भरताय. सबसिडी जमा झाली की पहिल्या महिन्यापासूनच खिशात शिल्लक पडते, याला मी तरी कर्ज म्हणत नाही, बिलाचे पैसे दुसऱ्या खिडकीवर भरायचे एवढंच. (सबसिडी यायच्या आधीचे एक-दोन हप्ते पूर्ण रकमेवर पडू शकतात, बँकेत विचारून घ्या, काही बँका सुरुवातीला सूट देतात.)

नियम बदलतील ही भीती खरी आहे, नाही म्हणत नाही. म्हणूनच वापराएवढंच बसवा म्हणतोय आम्ही. ग्रिडला वीज विकून पैसे कमवायचे असं ज्याच्या डोक्यात आहे त्यालाच नियम बदलल्याचा जास्त फटका बसतो.


सोसायटी_सेक्रेटरी_पुणे :

गावात स्वतःचा स्लॅब आहे हेच नशीब समजा. आमची ६४ फ्लॅटची सोसायटी, गच्ची सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. प्रत्येकाच्या फ्लॅटच्या मीटरला सोलर द्यायचं म्हटलं की भांडणं, म्हणून आम्ही कॉमन मीटरला घेतलं, लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे. सोसायटीला सबसिडी किलोवॅटला १८ हजार आहे, घरगुतीपेक्षा कमी, पण मर्यादा ५०० किलोवॅटपर्यंत असल्याने आमच्यासारख्यांना अडत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव झाला तरी वरच्या मजल्यावरचे गळतीच्या भीतीने सही देईनात, शेवटी वॉटरप्रूफिंग आधी करून देऊ असं लिहून दिलं तेव्हा तयार झाले. ज्या सोसायट्यांकडे पैसे नाहीत त्यांना कंपनी स्वतः खर्च करून बसवते आणि युनिटमागे ठरलेला दर १५-२० वर्षं घेते असं मॉडेल आहे, पण त्याचा करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, मधे सोडायचं असेल तर काय, यावर एक पानभर बारीक अक्षरं असतात.


मोटारवाला_शेतकरी :

भावा तू शेतातल्या मोटरचं विचारलंस त्याला कुणी उत्तर दिलं नाही. ते सगळं वेगळं आहे, घरच्या योजनेशी संबंध नाही. मागेल त्याला सौर कृषी पंप म्हणून योजना आहे, त्यात शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्याच्या वर साडेसात. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा त्यातच आहे. पण तुझ्याकडं आधीच लाईटची मोटर आहे ना, आणि ५ एचपी म्हणजे साडेसातच्या आतली, मग बळीराजा मोफत वीज योजनेत तुझं बिल तसंच माफ आहे २०२९ च्या मार्चपर्यंत, मग सोडू नकोस ते कनेक्शन. सौर पंप ज्यांच्याकडं लाईटच नाही त्यांच्यासाठी चांगला.

मी घेतलाय. दिवसा पाणी मिळतं हे सगळ्यात मोठं, आमच्याकडं बिबट्याची भीती, रात्री उसात पाणी धरायला जायचं म्हणजे बायको झोपत नव्हती. वाईट काय ते पण सांगतो, कंट्रोलर बिघडला तेव्हा कंपनीचा माणूस येईपर्यंत वांगी करपली, फोन केला की तिकडून तिकीट नंबर देतात, तिकीट नंबरावर काय वांगी जगत नाहीत.

आणि खरं बघायला गेलं तर मला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी जास्त पटते, त्यात शेतकऱ्याने काहीच बसवायचं नाही, सबस्टेशनजवळ सोलर प्रकल्प होतो आणि त्या फीडरवरच्या (तिथून निघणाऱ्या वीजवाहिनीवरच्या) सगळ्या मोटरींना दिवसा वीज. २.० मध्ये १६ हजार मेगावॅटचं टार्गेट आहे, पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. गायरान जमीन वापरली तर ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात, आणि खासगी पडीक जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी सव्वा लाख वर्षाला. आमच्या सरपंचाला मी हे तीनदा सांगितलं, तो म्हणतो गायरानावर गावची गुरं चरतात, लोक मारतील. त्याचंही काही चूक नाही.


मीरा_कोल्हापूर :

उशिरा आले पण एक भर घालते. वर सगळे दोनशे युनिटवाले बोलताय, पण ज्यांचं बिल शंभर युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी राज्य सरकारची स्मार्ट म्हणून वेगळी योजना आली २०२५ मध्ये. १ किलोवॅट बसवायचं, खर्च ५० हजार धरलाय, केंद्राचे ३० हजार येतात आणि राज्य वरून भर घालतं. दारिद्र्यरेषेखालच्या घराला फक्त अडीच हजार भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५ हजार आणि बाकीच्यांना १० हजार. पाच लाख घरांना मिळणार आहे, आधी येईल त्याला आधी.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी हे सांगितलं, त्यांचं बिल सत्तर-ऐंशी युनिट येतं. पैशाची सोय झाली पण घर पत्र्याचं, आणि घराचा उतारा सासूच्या नावावर, मीटर दिराच्या नावावर. अडीच हजारासाठी अडलं नाही, दिराच्या सहीसाठी अडलंय. म्हणून पहिल्या प्रश्नातलं ते आजोबांचं नाव वाचलं आणि लिहावंसं वाटलं.


कृष्णाकाठचा_पोऱ्या :

सगळ्यांचे आभार, खरंच. २ किलोवॅट आणि बँकेचं लोन असं जवळपास ठरलं, वडिलांना काकांचा हिशोब वाचून दाखवला, दहा वर्षं नको पाच म्हणाले, म्हणजे तयार झाले. एजंटला फोन केला तर म्हणतो २ ला रेट बसत नाही, ३ च घ्या, म्हणजे झालं त्याचं. फिटरदादा, सांगली सोडून कराडकडं काम घेता का? पोर्टलवर व्हेंडरच्या यादीत तुमचं नाव असेल तर मी शोधतो, इथं नंबर टाकू नका. मोठे चुलते सही देतील, धाकट्यांचं सांगता येत नाही, त्यांचं-वडिलांचं दोन वर्षं बोलणं नाही.


बँकेतला_काका :

धाकट्यांकडं वडिलांना पाठवू नका, तुम्ही जा. आणि जाताना संमतीपत्र छापून नेऊ नका पहिल्या भेटीला.


मोटारवाला_शेतकरी :

आणि बोलता बोलता त्यांना पण सांग की त्यांच्याही मीटरला हे होतंय, फिटर एकच दोन्हीकडं येईल तर जाण्यायेण्याचा खर्च वाचतो म्हणून. चुलते आहेत, फायदा दिसला की बोलतील.